निऑनची बाटली आणि आडवी बाटली

“डॉक्टरसाहेब, बिअरची जुनी निऑन पाटी घरात लावली तर तब्येतीला काही अपाय होतो का?” उमरग्याकडच्या एका तरुण वाचकाने मागच्या महिन्यात हा प्रश्न विचारला. त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावाला अशा पाट्या जमवण्याचा नाद आहे. त्यातली एक, बाटली तिरपी होते, धार पडते, ग्लास भरतो आणि वर फेस येतो अशी हलणारी पाटी, तो याला भेट द्यायला निघालाय. बिअर, बीपी आणि शुगरबद्दल रोज पन्नास प्रश्न येतात, पण हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण या पाटीच्या इतिहासात डॉक्टर मंडळी इतक्या ठिकाणी भेटतात की सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून आजचा लेख जरा लांबलाय, सावकाश वाचा.

आधी एक खुलासा. सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवकडे किंवा नळदुर्गहून उमरग्याकडे रात्री जाताना हॉटेल-धाब्यांवर लाल-निळी चमकणारी अक्षरं दिसतात. आपण त्याला ‘निऑन’ म्हणतो, पण आज दिसणाऱ्या त्यातल्या बहुतेक पाट्या निऑनच्या नसतात. रबरासारख्या लवचिक पट्टीत बसवलेले ते एलईडीचे दिवे असतात आणि ते बारा व्होल्टवर चालतात. खरं निऑन म्हणजे काचेची नळी, आत अगदी थोडा वायू आणि दोन टोकांना हजारो व्होल्टचा दाब. त्या तरुणाकडे येणारी पाटी या दुसऱ्या जातीची आहे आणि तिची कुंडली वेगळी आहे.

हवेतून काढलेला लाल दिवा

१८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हवा थंड करून तिचं पाणी केलं आणि ते पाणी हळूहळू उकळू देत एकेक वायू वेगळा केला. त्यातल्या एका वायूतून वीज सोडल्यावर नळी एकदम शेंदरी-लाल उजळली. रॅमसेंच्या लहान मुलाने त्याला ‘नवा’ या अर्थाचं लॅटिन नाव सुचवलं, वडिलांनी तोच अर्थ ग्रीकमध्ये नेला आणि नाव पडलं ‘निऑन’. हा वायू तुमच्या-माझ्या श्वासात आत्ताही आहे, साधारण पंचावन्न हजार लिटर हवेत एक लिटर एवढा. तो कशाशी संयोग करत नाही, शरीरात काही करत नाही, जसा आत जातो तसा बाहेर येतो. म्हणजे निऑन विषारी आहे का, याचं उत्तर इथेच झालं. नाही.

हवा थंड करून वायू वेगळे करण्याचं हे तंत्र तुमच्या ओळखीचं आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात आपण सगळे ज्या ऑक्सिजनच्या टँकरची वाट बघत होतो, त्यातला द्रवरूप ऑक्सिजन याच पद्धतीने तयार होतो. फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद नावाचे इंजिनिअर हवेचं असं द्रव मोठ्या प्रमाणावर करत होते. ऑक्सिजन विकला जायचा, पण निऑन उरायचा. उरलेल्याचं करायचं काय, या विचारातून त्यांनी डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या लांबलचक नळ्या पेटवून दाखवल्या. १९१२ मध्ये पॅरिसमधल्या एका केशकर्तनालयावर निऑनची पाटी लागली. आणि १९१३ मध्ये एका इमारतीवर मोठ्या अक्षरांत जी जाहिरात झळकली ती होती चिंझानोची. चिंझानो म्हणजे व्हर्मूथ, म्हणजेच वाइनपासून केलेली दारू. निऑन आणि दारू यांची सोयरीक इतकी जुनी आहे, अगदी पाळण्यातच जमलेली.

त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध छापला. दोन रेघा शेजारी-शेजारी ठराविक अंतराने एकामागून एक उजळवल्या तर बघणाऱ्याला दोन रेघा दिसत नाहीत, एकच रेघ सरकताना दिसते. तुमचा मेंदू मधली रिकामी जागा स्वतः भरून काढतो. सिनेमा यावरच चालतो आणि हलती निऑन पाटीही. पाटीत काहीच हलत नसतं. बाटलीच्या आकाराच्या तीन नळ्या असतात, एक उभी, एक तिरपी, एक आडवी. मागे एक छोटी मोटर फिरते आणि तिच्यावरचे खाचे पाडलेले चक्र एकेका नळीचा स्विच दाबत जाते. बाटली ओतली जातेय हे तुमच्या डोक्यात घडतं. जाहिरातदाराला आणखी काय हवं?

अमेरिकेतले डॉक्टर आणि दारूची चिठ्ठी

अमेरिकेत जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी होती. मात्र कायद्यात औषधाची फट होती. डॉक्टरांना सरकारी छापील फॉर्मवर व्हिस्की लिहून देता यायची, एका रुग्णाला दहा दिवसांत एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडी कमी बाटली म्हणा ना, साधारण पावणेपाचशे मिलिलिटर. डॉक्टर फी घ्यायचे, औषधवाला दारू द्यायचा. बिअरसुद्धा औषध म्हणून लिहून द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा १९२१ च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेने कायदा करून बिअरची चिठ्ठी बंद केली. माझ्या व्यवसायाचा हा काही फार अभिमानाने सांगण्यासारखा इतिहास नाही, पण तो पुढे आपल्याकडेही भेटणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

एप्रिल १९३३ मध्ये सौम्य बिअरला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात दारूबंदीच संपली. तेरा वर्षं बंद असलेल्या भट्ट्यांना आपलं नाव पुन्हा लोकांसमोर आणायचं होतं. दारूबंदीच्या आधी बऱ्याच दारूच्या गुत्त्यांची मालकी बिअर कंपन्यांकडेच असायची. त्यावरून बरीच बदनामी झाल्याने नव्या कायद्यांनी कारखाना आणि गुत्ता यांची फारकत केली. दुकान विकत घेता येत नाही, मालकाला भारी बक्षिसं देता येत नाहीत, पण मर्यादित किमतीची पाटी मात्र देता येते. मग काय, दिली पाटी! नेमका तोच काळ निऑनच्या भरभराटीचा. बारच्या खिडकीत कंपनीच्या नावाची लाल नळी हे अमेरिकेतल्या गल्लीबोळाचं चित्र तेव्हापासूनचं.

पुढे प्लॅस्टिकच्या खोक्यात ट्यूबलाइट घालून केलेल्या स्वस्त पाट्या आल्या आणि १९६० च्या सुमारास काच वाकवणारे कारागीर कमी होत गेले. दुसरीकडे लहान-लहान बिअर कंपन्या मोठ्यांनी गिळल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या अवाढव्य देशात शंभरही बिअर कारखाने उरले नव्हते. कारखाने गेले, पाट्या मागे राहिल्या. माणसं जमवायला लागतात ती अशाच वेळी. १९७० मध्ये तिथे बिअरच्या डब्यांच्या संग्राहकांची संघटना निघाली. बिअरच्या जाहिरात-वस्तू जमवण्याला ‘ब्रुअरियाना’ असं नावच आहे. निऑनसाठी वेगळी संग्रहालयं आहेत, लास वेगासला, लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेलला, पोलंडमध्ये वॉर्सालाही. हलत्या पाट्यांना या बाजारात जास्त मान, कारण नळी टिकली तरी मागची मोटर, चक्र आणि स्विच सगळं मूळचं आणि चालू सापडणं कठीण.

संग्राहकांना हसू नका. आपल्याच जिल्ह्यात तेरला जाऊन या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत, नदीकाठी सापडणारे मणी, मातीच्या मूर्ती, खापरं जमवली. लोकांना ती खापरं वाटायची. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे उभं आहे. तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तगरचं नाव येतं. इथून गाड्यांवर लादून कापड भडोचच्या बंदराला जायचं. आणि भडोचला जहाजातून काय उतरायचं, त्या यादीत द्राक्षाची दारू आहे. इटलीची असेल तर अधिक पसंती, असं लेखकाने नमूद केलंय. म्हणजे कापूस-कापड इकडून तिकडे आणि नामांकित दारू तिकडून इकडे. ब्रँडचं वेड नवं नाही, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आपल्याकडे अशा जुन्या पाट्या का नाहीत

मुंबईत निऑन आलं. पण बिअरच्या हलत्या निऑन पाट्यांची परंपरा महाराष्ट्रात तयार झाली नाही. त्याचं कारण कायद्यात आहे आणि त्या कायद्याच्या सुरुवातीला एक डॉक्टर आहेत.

डॉ. मंचेरशा गिल्डर हे मुंबईचे नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य आणि अबकारी अशी दोन्ही खाती होती. गंमत बघा, एका हाताने लोकांची तब्येत सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने दारूचा महसूल गोळा करायचा. गिल्डरांनी तब्येतीची बाजू घेतली आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विसकटला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्य कोरडं झालं.

आपला धाराशिव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथे शिंदी आणि दारूचे मक्ते, म्हणजे अबकारी, हे तिजोरीचं एक मोठं साधन होतं. नंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर १९५९ च्या दुरुस्तीने हा कायदा आपल्याकडे लागू झाला. सोलापूर जिल्हा आधीपासूनच मुंबई राज्यात. म्हणजे आज तासाभराच्या अंतरावर असलेल्या दोन गावांमध्ये तेव्हा दारूचे कायदे वेगळे होते.

या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण काही तुकडे रद्द केले. रद्द झालेला एक तुकडा दारूची ‘वाखाणणी’ करण्यावरच्या बंदीचा होता, ती बंदी भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून. दारू वापरायला लोकांना बोलावणाऱ्या जाहिरातींवरची बंदी मात्र राहिली. निऑनच्या बाटलीने ग्लास भरून दाखवणं हे बोलावणं नाही तर काय?

आता तो डॉक्टरांचा जुना धागा. या कायद्यात तब्येतीच्या कारणासाठी दारू बाळगण्या-पिण्याचा परवाना मिळायचा. १९६० च्या दशकात कायदा सैल झाला, बार आले, पण परवाना कागदावर कायम राहिला. ज्या खोलीत परवानेधारक बसून पितो ती ‘परमिट रूम’. आजही आपल्या रस्त्यावरच्या पाट्यांवर हाच शब्द असतो, पण त्याचा अर्थ विचारला तर दहातले नऊजण ‘एसी असतो तो बार’ म्हणतील. त्या परवान्यावरचा हेतू वाचा. परदेशी पद्धतीची दारू बाळगायची कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! कायद्याचं नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक दारूसाठी २५. पिणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असणं अपेक्षित आहे. एक दिवसाचा, वर्षाचा, आयुष्यभराचा असे तो मिळतो. माझ्याकडे यकृत सुजलेले जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी कुणाच्या खिशात प्रकृती राखण्याचा हा कागद मला अजून दिसला नाही.

टीव्हीवर केबलच्या नियमांनी दारूची जाहिरात बंद केली. मग त्याच नावाचा सोडा आला, पिण्याचं पाणी आलं, गाण्यांच्या सीडी आल्या. चार वर्षांच्या पोराला कंपनीचं नाव आणि रंग पाठ होतात आणि कागदोपत्री सगळं पाण्याबद्दल चाललेलं असतं. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरच्या दारू दुकानांबद्दल निकाल दिला. पाचशे मीटरची अट सगळ्यांना आठवते, कारण तिच्यावरून गदारोळ झाला आणि पुढे ती छोट्या गावांसाठी २२० मीटर झाली, नगरपालिका हद्दीसाठी सैल झाली. पण त्याच निकालात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दारू उपलब्ध असल्याच्या पाट्या आणि जाहिराती काढून टाका, दुकान रस्त्यावरून दिसूही नये, असंही होतं. ती बाब फारशी कुणी बोलली नाही. माझ्या मते त्या निकालातला सर्वांत वैद्यकीय भाग तोच होता. का, ते पुढे सांगतो. (२०२२ मध्ये राज्याने दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी केली. नळदुर्ग-परांड्याच्या जिल्ह्यात राहून हे वाचताना बरं वाटलं.)

आणि आपल्याकडची खरी गाजलेली पाटी कुठली म्हणाल तर ती बिनविजेची आहे. गावातलं दारू दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदान होतं. एक चतुर्थांश महिलांनी अर्ज केला तर गुप्त मतदान घ्यायचं, निम्म्याहून जास्त मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला तर दुकान बंद. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळेल अशी खूण. अमेरिकेत निऑनची बाटली आडवी झाली की ग्लास भरतो, आपल्याकडे आडवी झाली की दुकान बंद.

पाटी मेंदूत काय करते

पावलॉव्हचा कुत्रा शाळेत शिकला असाल. घंटा वाजली की लाळ. दारूच्या बाबतीत माणसाचं तसंच होतं. वर्षानुवर्षं संध्याकाळी सातला एका ठराविक लाल उजेडाखाली बसून प्यायल्यावर मेंदू तो उजेड आणि ती गुंगी यांची गाठ मारून ठेवतो. पुढे फक्त उजेड दिसला तरी मेंदूतली ‘हवंय’ म्हणणारी यंत्रणा जागी होते. छातीत धडधड, तोंडाला पाणी, हात अस्वस्थ. हे मनाचं दुबळेपण नव्हे, हे शिकलेलं शरीर आहे.

आठ महिन्यांपूर्वी दारू सोडलेले एक गृहस्थ माझ्याकडे बीपीसाठी येतात. एसटी स्टँडवरून त्यांचं घर सात मिनिटांवर आहे, पण ते वीस मिनिटांच्या रस्त्याने जातात. जवळच्या रस्त्यावर त्यांच्या जुन्या बैठकीची पाटी लागते. “साहेब, बोर्ड दिसला की पाय आपोआप तिकडं वळत्यात,” असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना लांबचाच रस्ता धरा म्हटलं, शिवाय चालणं होतं. महामार्गावरची पाटी काढा हा हुकूम मला वैद्यकीय वाटतो तो यासाठी. तुमच्या घरात कुणी दारू सोडण्याच्या प्रयत्नात असेल तर दिवाणखान्यात ओतली जाणारी बाटली लावू नका, मग ती कितीही जुनी आणि दुर्मिळ असो. त्या तरुणाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, घरात कोण-कोण असतं? वडील दोन वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून आलेत, असं उत्तर आलं. पाटी आता त्याच्या हॉटेलच्या माडीवर गुंडाळून ठेवायचं ठरलंय.

एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमिष्टासारखं बोलणं होऊ शकतं. त्याने जीवही जाऊ शकतो. देवळात शपथ घेऊन घरी कोंडून ठेवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं १९८६ पासून हे काम करत आहेत.

“बिअरच तर पितो”

बिअरच्या पाटीने शंभर वर्षांत एक काम फार चोख केलं. बिअर म्हणजे दारू नव्हे, ती थंड, सोनेरी, फेसाळ अशी काहीतरी मजेची गोष्ट आहे, हे लोकांच्या गळी उतरवलं. ब्रिटनमध्ये गिनेस कंपनीने १९२९ पासून आपली काळी बिअर तब्येतीला चांगली म्हणून खपवली. आपल्या ओपीडीत याचीच मराठी आवृत्ती ऐकू येते, “दारू बंद केली साहेब, आता फक्त बिअर.”

हिशोब करू. आपल्याकडे बहुतेकजण ‘स्ट्राँग’ घेतात. तिच्यात आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर, वजनाने सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये असतं साधारण १० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार लहान पेग. दोन बाटल्या आठ पेग. यकृताला ते उतरवायला तासाला सात-आठ ग्रॅम जमतं, तेव्हा एका बाटलीलाही पाच-सहा तास लागतात. कायद्याने गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. बाटली तासाभरात संपवून मोटरसायकलवर बसलेला माणूस बहुधा त्या मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असतो, त्याला कितीही शुद्धीत वाटो. फेस आणि सोनेरी रंग यकृताला दिसत नाहीत, त्याच्यापर्यंत फक्त अल्कोहोल पोचतं. कर्करोगाचं कारण म्हणून अल्कोहोल १९८८ पासूनच जागतिक यादीत पहिल्या गटात आहे, बिअरसकट.

दुसरी समजूत मुतखड्याची. आपल्या उन्हाळ्यात खडे पुष्कळ होतात आणि प्रत्येक गावात एक सल्लागार असतो जो म्हणतो, “दोन बिअर मार, खडा पडतो.” बिअरने लघवी जास्त होते हे खरं. पाणी राखणारं हार्मोन अल्कोहोल दाबून टाकतं म्हणून ती होते, आणि नंतर शरीर कोरडं पडतं. काही पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांमध्ये खडे कमी दिसले आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण पोटात भरपूर द्रव गेलं की खडे कमीच होणार, त्यासाठी बिअर कशाला हवी, पाणी पुरतं. शिवाय बिअरने युरिक अॅसिड वाढतं, त्याचे वेगळे खडे आणि अंगठ्याचा गाऊट. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. श्रेय मात्र बिअर घेऊन जाते.

पाण्याचं बोलतोय म्हणून आठवलं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मराठवाड्यातल्याच वाळूजमध्ये बिअरचे कारखाने चालू होते. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारू-बिअर कारखान्यांचं पाणी आधी निम्मं आणि मग साठ टक्के कापायला लावलं. आपल्या जिल्ह्यात तेव्हा टँकरमागे घागरींची रांग होती. बिअरच्या चकचकीत पाटीवर ही रांग कधीच दिसत नाही.

जुनी पाटी हाताळायची असेल तर

आता मूळ प्रश्न. पेटलेली, धडधाकट निऑन पाटी बघितल्याने डोळ्यांना किंवा त्वचेला काही होत नाही. हलत्या पाटीने फिट येते का? उजेडाने फिट येणाऱ्यांना धोका असतो तो सेकंदाला साधारण तीन ते तीस वेळा, त्यातही पंधरा-पंचवीस वेळा चमकणाऱ्या प्रकाशाचा. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात असा झगमगाट होऊन शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. बिअरच्या पाटीतली बाटली सेकंदाला एखाद-दुसऱ्या टप्प्याने सरकते, तेवढ्याने सहसा काही होत नाही. मात्र संपर्क सैल होऊन नळी फडफडू लागली तर बंद करा, घरात फिटचा रुग्ण असेल तर नक्कीच.

खरा धोका मागच्या काळ्या डब्यात आहे. तो ट्रान्सफॉर्मर १५,००० व्होल्टपर्यंत दाब देतो, प्रवाह तीसेक मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला एवढा पुरतो. अमेरिकन पाटी तिथल्या ११०-१२० व्होल्टसाठी बनलेली असते, आपल्या २३० वर थेट लावली तर जळेल. सत्तर वर्षांच्या तारांवरचं रबर कुरकुरीत झालेलं असतं. घरच्या वायरमनचं हे काम नाही. उच्च दाबाच्या साइन-बोर्डचं काम येणाऱ्याकडूनच करून घ्या, अर्थिंग घाला आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. पाटीजवळ उग्र, विजेच्या कडकडाटानंतर येतो तसा वास आला तर ओझोन तयार होतोय, म्हणजे कुठेतरी वीज गळतेय.

नळी लाल आणि काच स्वच्छ असेल तर आत निऑन आहे, फुटली तरी काचेखेरीज काही नाही. निळी, हिरवी, पांढरी असेल तर आत आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो. ती फुटली तर पंखा-कूलर बंद करा, खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, पाऱ्याची वाफ घरभर होते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेला चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

शेवटी सगळ्यात जुन्या पाट्यांबद्दल. रंग उजळ दिसावेत म्हणून नळीला आतून पांढरी पावडर लावत. १९४० च्या दशकात अमेरिकेत ट्यूबलाइटच्या आणि अशा रंगीत नळ्यांच्या पावडरीत बेरिलियम असायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या दिव्यांच्या कारखान्यातल्या तरुण मुलींना धाप, खोकला, वजन घटणं सुरू झालं. एक्स-रे क्षयासारखे दिसत होते, पण क्षयाचे जंतू सापडेनात. डॉ. हॅरिएट हार्डी आणि त्यांचे सहकारी टॅबरशॉ यांनी १९४६ मध्ये असे १७ रुग्ण नोंदवले आणि बोट बेरिलियमकडे दाखवलं. कारखानदारांनी १९४९ मध्ये ही पावडर वापरणं थांबवलं. त्या आजारात फुप्फुस घट्ट होत जातं आणि लक्षणं कधीकधी काम सोडल्यावर अनेक वर्षांनी येतात. म्हणून त्या काळची पांढऱ्या अस्तराची फुटकी नळी हातात आली तर ती घासू नका, फुंकू नका, काचेच्या कडेने हात कापून घेऊ नका, अशी जखम बेरिलियममुळे महिनोन्‌महिने भरत नाही. आणि तुम्ही अशा वस्तूंच्या दुरुस्तीचं काम करत असाल आणि कोरडा खोकला तीन आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरांना तुमचा धंदा आणि छंद दोन्ही सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी.